डेझी नावाच्या बाईला कसं वाचावं: एका फुलवालीच्या मुलीची रीत

माझी आई गोव्यातल्या म्हार्दोळच्या देवळासमोर वळेसर विकायची. वळेसर म्हणजे घाटावरच्या लोकांचा गजरा. पावसात जायांचे दिवस आले की आमच्या घरी दुसरं काम नसायचं. दुपार कलली की कळ्या खुडायच्या, उमलायच्या आत केळीच्या धाग्यात गाठी मारत गुंफायच्या. तिन्हीसांजेला गिऱ्हाइकाच्या हातात पडेपर्यंत त्या डोळे उघडायला लागलेल्या असायच्या. माप हाताचं, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. कोणी भाव पाडून मागितला तर आई वाद घालत नसे. मान खाली घालून म्हणायची, "बरं, तुम्ही म्हणता तसं." लोक आपसात म्हणायचे, बिचारी साधी आहे, तिला व्यवहार कळत नाही.

मी चाळिशीला टेकले तेव्हा एकदा सहज तिच्या शेजारी बसून गाठी मोजल्या. टोपल्या दोन होत्या. डावीकडच्या टोपलीतल्या हातभर वळेसरात साठ गाठी, उजवीकडच्या तेवढ्याच लांबीत बेचाळीस. घासाघीस करणाऱ्याला उजव्या टोपलीतला वळेसर जायचा, आणि तो खूश होऊन घरी जायचा. मी आईकडे नुसती बघत राहिले. ती म्हणाली, "पुस्तकं शिकवतेस ना? मग मोजायला इतकी वर्षं कशी लागली?"

कादंबरीतली बाई कशी वाचावी याबद्दल मला जे काही येतं ते त्या दोन टोपल्यांतून आलेलं आहे. फोंड्याला आमच्या घरी सोप्यावर महिन्यातून एकदा आम्ही सातआठ जण जमतो आणि एकच पुस्तक तीनचार महिने पुरवून वाचतो. मागच्या पावसाळ्यात 'द ग्रेट गॅट्सबी' घेतलं होतं. एफ. स्कॉट फिट्झजेराल्डची ही कादंबरी १९२५ सालची, गोष्ट घडते १९२२ च्या उन्हाळ्यात, न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर. नऊच प्रकरणं आहेत. तिच्यातली डेझी ब्यूकॅनन ही बाई जगभरातल्या परीक्षांत 'उथळ' म्हणून नापास झालेली आहे. मी शिकत होते तेव्हा आम्हाला एक तयार उत्तर पाठ करायला दिलं होतं: डेझी म्हणजे सुंदर, पोकळ, पैशाची लोभी. मीही ते लिहून बऱ्यापैकी गुण मिळवले. पुढे तेच उत्तर वर्गात फळ्यावर लिहून दिलं, हे सांगायला आज लाज वाटते.

तर डेझीच्या गाठी कशा मोजायच्या ते सांगते. ज्यांनी पुस्तक एकदा वाचलंय त्यांच्यासाठी हे आहे. पहिल्या वाचनात हे करू नका, मजा जाईल. पहिल्यांदा गोष्टच वाचावी.

एक शंभरपानी वही घ्या. पुस्तकात जिथे फूल येईल, बागेतलं, कपड्यावरचं, कोणी कोणाला दिलेली उपमा, काहीही असो, तिथे थांबून चार गोष्टी टिपा. फूल कोणी आणलं? ते कोणाच्या तोंडून कळतंय? महिना कोणता? आणि फूल आल्यानंतरच्या दहाएक ओळींत बाई काय करते? हे चौथं सगळ्यात कामाचं. फूल हे लक्ष वेधण्यासाठीच असतं, देवळासमोर काय आणि कादंबरीत काय. आपण फुलाकडे बघत असताना फूल धरणाऱ्याचा दुसरा हात काय करतोय ते बघायचं.

वहीच्या आधी एक छोटं काम. डेझी हे फूल आपल्या बाजारात बसत नाही. पणजी-मडगावच्या पुष्पगुच्छवाल्यांकडे जर्बेरा मिळतो तो तिचा चुलतभाऊ, आणि आपली शेवंती, आपला झेंडू हेही त्याच कुळातले. दसऱ्याच्या तोरणातला एखादा झेंडू काढून कागदावर मोडा. ज्याला आपण पाकळी म्हणतो तिच्या बुडाशी एकेक काडीसारखं बी चिकटलेलं असतं. ज्यांनी अंगणात झेंडू पेरलाय त्यांना हे सांगायला नको. म्हणजे ती पाकळी नव्हेच, ते आख्खं फूल आहे. या कुळातलं जे एक फूल दिसतं ती खरी शेकडो बारक्या फुलांची गर्दी असते. डेझीचंही तेच: कडेला पांढरी फुलं, मध्ये पिवळ्या फुलांची दाट चकती, आणि लांबून बघणाऱ्याला वाटतं, किती साधं फूल!

आता नाव. जुन्या इंग्रजीत या फुलाचं नाव होतं 'दिवसाचा डोळा', कारण ते सकाळी उघडतं आणि रात्री मिटतं. त्याचंच झिजत डेझी झालं. हे डोक्यात ठेवून पहिल्या प्रकरणातलं जेवण वाचा. डेझी टेबलाशी बसल्या बसल्या म्हणते, दोन आठवड्यांत वर्षातला सगळ्यात मोठा दिवस येईल. तुम्ही कधी त्या दिवसाची वाट बघता आणि मग तो निसटून जातो असं होतं का? माझं नेहमी होतं. पूर्वी मी हे बावळट बाईचं बोलणं म्हणून सोडून द्यायचे. दिवसाच्या डोळ्याला सगळ्यात मोठा दिवस दिसत नाही, हे लेखकाने तिच्याच तोंडून घातलंय हे कळल्यावर मी त्या पानावर बोट ठेवून बराच वेळ बसले. तिला माहीत आहे की आपल्या हातून काय निसटतं. ज्याला हे माहीत असतं त्याला बावळट म्हणत नाहीत.

त्याच जेवणात पुढे गुलाब येतो. हा प्रसंग ओळ न् ओळ वाचायचा. इथे घाई केली तर बाकीचं सगळं फुकट.

गोष्ट सांगणारा निक हा डेझीचा लांबचा भाऊ. तो आल्या आल्या तिचा नवरा टॉम त्याला दंडाला धरून वळवतो आणि हात फिरवून आपली मालमत्ता दाखवतो, तिच्यात अर्धा एकर उग्र वासाचे गुलाब आहेत. वहीत टिपा: गुलाब टॉमचे, तोंड टॉमचं, महिना जूनची सुरुवात. मग जेवण चालू असताना आत टेलिफोन वाजतो. नोकर येऊन टॉमच्या कानाला लागतो, टॉम खुर्ची मागे सारून आत जातो. फोन त्याच्या बाहेरच्या बाईचा आहे. हे निकला अजून कळलेलं नाही. डेझीला कळलंय. आणि तो उठून गेल्या क्षणी ती पुढे झुकते, आवाज उजळतो, निकला म्हणते: तुला माझ्या टेबलावर बघून किती बरं वाटतं! तू मला गुलाबासारखा वाटतोस, अगदी गुलाब. आणि शेजारी बसलेल्या मैत्रिणीला, जॉर्डनला, विचारते, हो ना?

निक आपल्याला लगेच सांगतो की हे खोटं आहे, मी गुलाबासारखा मुळीच नाही, ती उगीच सुचेल ते बोलत होती. वाचणारेही हसून पुढे जातात. चौथा प्रश्न विचारा: नंतर काय झालं? ती एकदम रुमाल टेबलावर टाकते, माफ करा म्हणते आणि आत निघून जाते.

आमच्या सोप्यावर हे वाचताना बँकेतून निवृत्त झालेले एक काका म्हणाले, "बाई, ही तर काउंटरवरची युक्ती. मागे गडबड झाली की आम्ही गिऱ्हाइकाला चहाचं विचारायचो." इतकं नेमकं मला वर्गात कधी सांगता आलं नव्हतं. नवरा समोर बसलेल्या पाहुण्यांदेखत दुसरीचा फोन घ्यायला गेलाय. पाहुण्यांचं लक्ष आतल्या दाराकडे जाऊ द्यायचं नाही, स्वतःचा चेहरा सावरायला चारसहा श्वास हवेत. अशा वेळी तिने हाताशी होतं ते फूल उचललं, आणि तेही नवऱ्याच्या बागेतलं. आत जे काही झालं त्यानंतर दोघं परत येतात तेव्हा ती काय सांगते? बाहेर इतकं सुंदर आहे, हिरवळीवर एक पक्षी गातोय, नाइटिंगेल असावा, जहाजात बसून आला असेल. आणि त्या काळच्या दोन बड्या जहाज कंपन्यांची नावं घेते. नाइटिंगेल अमेरिकेत नसतो. हे तिला माहीत आहे म्हणून तर जहाज. असा विनोद, तोही अशा वेळी, सुचायला डोकं थंड लागतं. आता ते पान परत वाचा आणि सांगा की तिथे बसलेल्या चौघांत सगळ्यात कमी कळणारा कोण होता. माझं मत निकला.

निकबद्दल इथेच सांगून टाकते. पुस्तकातला प्रत्येक शब्द त्याच्यामार्फत येतो. तो चांगला मुलगा आहे, पण डेझीच्या बाबतीत तो उजव्या टोपलीचं गिऱ्हाईक आहे. तिचा आवाज ऐकून खूश होतो, मग आपण फसलो असं वाटून रागावतो. ते प्रसिद्ध वाक्य आठवा. डेझी निकला सांगते: मुलगी जन्मली तेव्हा टॉम कुठे होता देव जाणे, भुलीतून शुद्धीवर आल्यावर नर्सला विचारलं मुलगा की मुलगी, मुलगी म्हणताच मान वळवून रडले, आणि म्हटलं, बरं झालं. ती वेडी निघो, या जगात मुलीने व्हावं तर सुंदर छोटीशी वेडी. हे ऐकून निकला वाटतं की ही सगळी आपल्याकडून भावना उकळण्याची चाल होती. असेल. पण मुलगी वेडी निघो ही इच्छा ती करू शकते जिला शहाणपण किती महाग पडतं ते कळलंय. आणि चाल असेल तर चाल खेळायलाही डोकं लागतंच. दोन्हीकडून गाठी साठच भरतात.

हे वाक्य मुळात एका खऱ्या बाईचं आहे, हे कळल्यावर आमच्यातल्या दोघी गप्पच झाल्या. १९२१ च्या ऑक्टोबरात फिट्झजेराल्डच्या बायकोला, झेल्डाला, मुलगी झाली. भुलीच्या अंमलात ती जवळजवळ हेच बोलली, नवऱ्याने ते टिपून ठेवलं आणि कादंबरीत वापरलं. म्हणून वहीत 'कोणाच्या तोंडून' हा रकाना ठेवायचा.

महिन्याचा रकाना का, ते आता. पाचव्या प्रकरणात गॅट्सबी, म्हणजे डेझीचा लग्नाआधीचा प्रियकर, आणि डेझी पाच वर्षांनी भेटतात, निकच्या छोट्या घरी चहाला. निकने स्वतः जाऊन थोडी फुलं आणलेली असतात. दुपारी दोनला गॅट्सबीकडून जे येतं त्याला निक फुलं म्हणतच नाही, आख्खं काचघर आलं म्हणतो, ठेवायला भांड्यांसकट. डेझी येते ती पावसात. आता चौथा प्रश्न: त्या ढीगभर फुलांबद्दल ती काय म्हणते? काही नाही. खोली फुलांनी भरलीय आणि जिच्यासाठी भरलीय तिच्या तोंडून एक शब्द नाही. आमच्याकडे लग्नाच्या बोलणीत वरपक्ष पाचशेचा हार घेऊन आला की आजी असाच चेहरा करून बसायची. फूल जितकं मोठं तितकी मागणी मोठी, हे बायकांना कोणी शिकवावं लागत नाही.

नंतर ते गॅट्सबीचा महाल बघायला जातात आणि डेझी बागेचं कौतुक करते. तिथे निक वासांची यादी देतो: जाँक्विल म्हणजे पिवळा नर्गिस, हॉथॉर्न, प्लमचा मोहोर. थांबा. हा प्रसंग जुलै संपण्याच्या सुमाराचा आहे, आणि हे तिन्ही बहर तिकडे वसंतातले, एप्रिल-मेच्या सुमाराचे. भर ऑगस्टात मी तुम्हाला सुरंगीचा वळेसर दिला तर तुम्ही विचाराल की नाही, बाई, ही आणली कुठून? लेखकाची नजरचूक असेल, असू दे. पण चूक पडलीय ती नेमकी गॅट्सबीच्या बागेत, ज्या माणसाला पाच वर्षांपूर्वीचा काळ परत आणायचाय त्याच्या बागेत. मी तरी हे तसंच वाचते: त्याच्याकडे ऋतू पुढे सरकलेला नाही. आणि डेझीचं कौतुक निकने कसं नोंदवलंय बघा. गोड कुजबुज, एवढंच. शब्द दिलेले नाहीत. वहीत मी तिथे रिकामी ओळ सोडली. अशा रिकाम्या ओळी सोडत जा, शेवटी त्याच जास्त भरतात.

सहाव्या प्रकरणातली मेजवानी मी थोडक्यात उरकते, पण एक गंमत चुकवू नका. गॅट्सबी तिला एक सिनेनटी दाखवतो. पांढऱ्या प्लमखाली बसलेली, निकच्या शब्दांत माणूस कमी आणि ऑर्किड जास्त. पुरुषांना बाई दिसली की फूल सुचतं, ते एक असो. डेझी त्या बाईला सुंदर म्हणते आणि पुढेही तिच्याबद्दल चांगलंच बोलते. मग टॉम म्हणतो, मी जरा त्या दुसऱ्या टेबलावर बसतो. डेझी हसून म्हणते, जा की, आणि कोणाचे पत्ते उतरवून घ्यायचे असले तर ही घे माझी सोन्याची पेन्सिल. थोड्या वेळाने मान वळवून बघते आणि निकला सांगते, मुलगी साधारणच आहे, पण दिसायला बरी. टॉम कोणासाठी उठला हे तिला उठण्याआधी ठाऊक होतं.

आता अबोली. अबोलीला वास नाही. जाई दहा पावलांवरून आपण आल्याचं सांगते. अबोली नावासारखीच, बोलत नाही. मात्र तिची वाळलेली शेंग पाण्याच्या वाटीत टाकून बघा. थोडा वेळ काही होत नाही, मग फट्‌ करून फुटते आणि बी उडून जातं. लहानपणी आमचा हा दुपारचा उद्योग होता. डेझी आयुष्यात एकदाच अशी फुटली, आणि तेव्हाही 'ओली' झाल्यावर. १९१९ चा जून, लग्नाचा आदला दिवस. टॉमने साडेतीन लाख डॉलरची मोत्यांची माळ दिलीय. जॉर्डन खोलीत जाते तर फुलाफुलांच्या झग्यात डेझी बिछान्यावर पडलेली, एका हातात दारूची बाटली, दुसऱ्यात पत्र. याआधी कधी घेतली नव्हती म्हणते. माळ परत करा, सगळ्यांना सांगा, डेझीने बेत बदलला. तिला थंड पाण्याच्या टबात बसवतात; पत्र ती हातातून सोडत नाही, भिजून बर्फासारखं विरघळायला लागतं तेव्हा साबणाच्या ताटलीत ठेवू देते. अर्ध्या तासाने माळ गळ्यात. दुसऱ्या दिवशी पाच वाजता लग्न, अंगावर काटासुद्धा नाही.

झगा फुलांचा होता हे टिपलंत ना? या सबंध पुस्तकात तिने स्वतःहून अंगावर घेतलेली फुलं मला एवढीच सापडली.

यापुढचा पुरावा जॉर्डनच देते, आणि तो मी वहीत लाल शाईने लिहिलाय. लग्नानंतर शिकागोत ही जोडी पिणाऱ्या, पैसे उडवणाऱ्या टोळक्यात वावरायची, पण डेझीचं नाव कधी खराब झालं नाही, बहुधा ती पीत नसे म्हणून. पिणाऱ्यांत न पिण्याचा मोठा फायदा, जॉर्डन म्हणते: जीभ ताब्यात राहते, आणि आपलं काही इकडेतिकडे करायचं असेल तर बाकीच्यांचे डोळे मिटलेले असतात ती वेळ साधता येते. घ्या. परीक्षेत 'पोकळ' लिहून गुण मिळतात, आणि पुस्तकात तिच्या मैत्रिणीने तिची सगळी कार्यपद्धती दोन वाक्यांत सांगून ठेवलीय. मी हे वाक्य पंधरा वर्षं वर्गात मोठ्याने वाचलं आणि ऐकलं नाही.

सातवं प्रकरण, प्लाझा हॉटेल. तिकडे डेझीच्या पाकळ्या एकेक खुडत 'प्रेम आहे, प्रेम नाही' बघायची पद्धत आहे. आपल्याला ते पोरखेळ वाटतं, पण पाकळीला प्रश्न विचारणं आपल्याला काही नवीन नाही. गोव्यात देवळात प्रसाद घेतात, कौल लावतात: मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं, उजवी पडली तर होय. तासतासभर माणसं टक लावून उभी असतात. त्या हॉटेलच्या उकाड्याच्या खोलीत दोन पुरुष असेच उभे आहेत आणि मूर्तीही तीच, पाकळीही तीच. गॅट्सबीला हवंय की तिने म्हणावं, टॉमवर माझं कधीच प्रेम नव्हतं. ती म्हणते, तू फार मागतोस. आत्ता तुझ्यावर आहे, तेवढं पुरे नाही का? एकेकाळी त्याच्यावर होतं, आणि तुझ्यावरही. परीक्षेच्या उत्तरात याला 'चंचलपणा' म्हणतात. माझ्या वाचनात त्या खोलीत खरं तेवढंच एक वाक्य बोललं गेलं. पाच वर्षं पुसून टाका म्हणणाऱ्याला ती सांगते की तसं पुसता येत नाही. पाकळी कुठल्याच बाजूला पडली नाही म्हणून भक्त रागावले, एवढंच.

इथे एक इशारा देणं भाग आहे, कारण आमच्या गटातल्या एका विद्यार्थिनीची गाडी फारच उतारावर सुटली होती. "टीचर, म्हणजे डेझीच खरी नायिका!" असं नाही गं. त्याच रात्री परतताना गाडी डेझी चालवत असते आणि त्या गाडीखाली मर्टल मरते, टॉमची ती टेलिफोनवाली बाई. मर्टल हेही झाडाचंच नाव, आपल्या जांभूळ-पेरूच्या कुळातलं, युरोपात नवरीच्या मुकुटात घालतात ते. नवरी होण्याची आशा करणाऱ्या बाईला लेखकाने ते नाव दिलं आणि रस्त्यावर चिरडलं. डेझी थांबत नाही. दोष गॅट्सबी अंगावर घेतो आणि ती घेऊ देते. आईच्या उजव्या टोपलीत फुलं कमी होती म्हणून मी तिला संत म्हणत नाही. ती हुशार होती, म्हणते. हुशारी शोधायला निघालात तर जे सापडेल ते घरी आणा, त्याला हळदकुंकू लावायला जाऊ नका.

त्या रात्रीचं स्वयंपाकघर मात्र वहीत उतरवून घ्या, फूल नसलं तरी. निक खिडकीच्या फटीतून बघतो: टेबलावर गार झालेलं तळलेलं चिकन, दारूच्या दोन बाटल्या, टॉम गंभीरपणे काही समजावतोय, त्याचा हात तिच्या हातावर, आणि ती अधूनमधून मान हलवतेय. काचेमुळे ऐकू काही येत नाही. ती मान मी ओळखते. "बरं, तुम्ही म्हणता तसं."

शेवटचं फूल सापडायला सगळ्यात कठीण, कारण ते पुस्तकात नाही. गॅट्सबी मारला जातो. निक अर्ध्या तासात डेझीला फोन लावतो तर ती आणि टॉम त्याच दुपारी सामानासकट निघून गेलेत, पत्ता ठेवलेला नाही. दफनाच्या वेळी पावसात उभा असताना निकच्या मनात येतं की डेझीने निरोप पाठवला नाही, फूलही पाठवलं नाही. ज्याने तिच्यासाठी काचघर पाठवलं होतं त्याला एक फूल नाही. वहीत ही नोंद करायची तर रकाने असे भरतील: कोणी आणलं, कोणीही नाही. कोणाच्या तोंडून, निकच्या. महिना, सप्टेंबर. नंतर बाई काय करते, दिसत नाही.

आमच्या सोप्यावर या एका ओळीवर दोन शनिवार गेले. काका म्हणाले, निर्दयपणा. विद्यार्थिनी म्हणाली, भीती. मला दोन्ही पटत होतं आणि दोन्ही कमी वाटत होतं. आई आता ब्याऐंशीची आहे. आत खाटेवर पडून सगळं ऐकत असते, तिला इंग्रजी येत नाही म्हणून मी गोष्ट मराठीत सांगितलेली. ती आतून म्हणाली, "फुलाबरोबर चिठ्ठी लावतात ना तिकडे? तिने कोणाचं नाव घातलं असतं?"

कोणी काही बोललं नाही. टॉमचं नाव घालता येत नाही, स्वतःचं घातलं तर गाडी कोण चालवत होतं ते विचारणारे येतात. बिननावाचं फूल पाठवलं तर निकने ते ओळखलं असतं.

मग आईने विचारलं, "आणि ती पोर? ती वेडी निघाली की शहाणी?"

मी म्हटलं, सातव्या प्रकरणात दोनतीन मिनिटांसाठी पाहुण्यांपुढे आणतात तिला, पांढऱ्या कपड्यात. पुढे पुस्तकात ती नाही.

"नीट मोजलंस?" आई म्हणाली.